चेचिलिया मेतेल्लाच्या थडग्यापाशी खुर्ची देणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून दादा म्हणते. रोमहून परत येऊन महिना होत आला. दोनदा हे पत्र लिहायला बसले आणि दोन्ही वेळा चार ओळींवर डोळे भरून आले. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, तू आधी मराठीत मोकळेपणानं लिही. मी इटालियनमध्ये करून तिकीट खिडकीवर पाठवते." तसं लिहितेय. आपल्या माणसांनीही वाचावं असं वाटलं, म्हणून इथं सगळ्यांसमोर ठेवतेय.

मी एकतीस वर्षं कोल्हापुरात ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांना यथार्थदर्शन समजावताना माझ्या हातात कायम एकच चित्र असायचं. पिरानेसी या इटालियन चित्रकारानं १७६२ साली केलेलं, रोमच्या चेचिलिया मेतेल्ला नावाच्या बाईच्या थडग्याचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं चित्र. मूळ कुठलं मिळायला! माझ्या सरांनी त्यांच्याकडच्या पुस्तकातून काढून दिलेली झेरॉक्स ती. फाटली की तिचीच पुन्हा झेरॉक्स. असं होत होत काळं होतं ते आणखी काळं झालं, पण त्या दगडांचं वजन काही कमी झालं नाही. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, हा किल्ला कुठला?"

पोरांचं चुकत नव्हतं. पन्हाळा बघत वाढलेल्या पोराला बुरूज आणि त्यावरच्या चर्या दिसल्या की तो किल्लाच म्हणणार. आणि तो किल्लाही होता. रोमनांच्या कायद्यानं शहराच्या हद्दीत पुरायला बंदी होती, म्हणून मोठ्या घराण्यांनी वेशीबाहेर रस्त्याच्या कडेनं थडगी बांधली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. त्यातला सर्वांत मानाचा रस्ता अप्पिया, इ.स.पू. ३१२ साली सुरू झालेला. त्यावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा गोल बुरुजासारखा दगडी पिंड उभा राहिला. व्यास जवळजवळ एकोणतीस मीटर. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला काएतानी घराण्यानं त्यालाच बुरूज करून शेजारी गढी बांधली, वर पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या चर्या चढवल्या आणि रस्त्यावर जकात वसूल केली. हे सगळं मी पोरांना सांगायचे. स्वतः कधी पाहीन असं मात्र वाटलं नव्हतं.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा मुलानं टूर बुक केली. पैसे भरतानाच मी विचारलं होतं, रोमला एक दुपार मोकळी आहे ना, मला या थडग्यापाशी न्याल ना. "नक्की नेऊ मॅडम," असं तोंडभरून सांगितलं. रोमला पोचल्यावर तेच टूरवाले म्हणाले, "तिथं एक पडका बुरूज आहे हो, दुसरं काही नाही. त्यापेक्षा सगळ्यांना शॉपिंगला वेळ देतो." बसमधल्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. त्याच्या आदल्या दिवशी एका नामांकित संग्रहालयात बसायला बाक नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला खाली बसता येत नाही, म्हणून खिडकीच्या कट्ट्याला टेकून वही उघडली, तर तिथल्या माणसानं दोन बोटांनी "चला" म्हणून खुणावलं. तोंडानं एक शब्दही नाही. मनाला फार लागलं ते. अजूनही लागतंय, म्हणून लिहितेय.

अशी मी टॅक्सी करून एकटी तुमच्या दारात आले.

तुम्ही तिकीट फाडलंत, पिशवीतून डोकावणारी वही पाहिलीत आणि हातातली झेरॉक्स पाहिल्यावर तुमचा चेहरा उजळला. "पिरानेसी!" एवढाच शब्द आपल्या दोघांना कळणारा होता. मी खुणेनं सांगितलं, मला बाहेरून काढायचंय, रस्त्यावरून, असं. तुम्ही काही न बोलता आत गेलात आणि स्वतःची खुर्ची उचलून आणलीत. तुमचीच होती ती, पाठीला तुमचा स्वेटर तसाच लटकत होता. रस्ता ओलांडून समोरच्या, छप्पर नसलेल्या सान निकोला चर्चच्या भिंतीपाशी नेलीत. मग माझ्या हातातून झेरॉक्स घेतलीत. हात लांब करून तिच्याकडे बघायचं, थडग्याकडे बघायचं, खुर्ची वीतभर सरकवायची, पुन्हा बघायचं. चित्रातल्या चर्यांची रांग समोरच्या चर्यांशी जुळेपर्यंत तुमचं चाललं होतं. माझ्या वर्गातल्या हुशारातल्या हुशार पोरानं एवढी चिकाटी दाखवली नव्हती.

मी बसले, पहिली रेघ ओढली आणि खुर्ची डुगडुगली. खालचे दगड वरखाली. म्हटलं, चालायचंच. तुम्ही तोवर दारापर्यंत परत गेला होतात. पण बघितलंत. आतून एक पुठ्ठा फाडून आणलात, त्याच्या चार घड्या केल्यात, माझ्यासमोर एका गुडघ्यावर बसलात आणि खुर्चीच्या मागच्या पायाखाली सारलात. तळहातानं खुर्ची दाबून पाहिलीत. अजून हलत होती. घडी काढून आणखी एक दुमड घातलीत. आता हलेना. "पियानो," म्हणालात, सावकाश, आणि निघून गेलात.

दादा, माझी आई पंगतीत वाढताना कुणाचा पाट डुगडुगताना दिसला की वाढणं थांबवून कागदाची घडी पाटाखाली सारायची. पाहुण्याला कळायचंही नाही. आई जाऊन बावीस वर्षं झाली. त्या रस्त्यावर तुम्ही गुडघ्यावर बसलात तेव्हा मला ती दिसली, आणि मी काही वेळ वहीवर काहीच काढू शकले नाही.

मग काढलं. दोन तास.

तुमच्या त्या खुर्चीवरून मला काय दिसलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. पिरानेसीनं पायथ्याशी माणसं किती इवलीशी काढलीत! त्या मानानं बघितलं तर थडगं डोंगराएवढं व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात गोल भिंत अकरा मीटरच्या आसपास. मी इतकी वर्षं पोरांना सांगत होते की बघा, प्रमाण असं काढायचं. आणि पिरानेसी तर दगडाला मोठेपणा देण्यासाठी माणूस लहान करत होता. पण त्यानं दगड मात्र खरा पाहिला होता. १७५६ च्या त्याच्या ग्रंथात याच थडग्याचे प्रचंड दगड दोर आणि कप्प्यांनी कसे वर चढवले असतील ते अवजारांसकट काढलंय. खालच्या चौकोनी बैठकीचा दर्शनी दगड लोकांनी केव्हाच काढून नेला, तिथे आता आतला चुना-खडीचा गाभा उघडा पडलाय. पिरानेसीच्या रेघा त्या जखमेवर सगळ्यात जास्त दाट आहेत. कधी वाटायचं शाई सांडलीय. समोर बसल्यावर समजलं की तिथं खरोखरच एवढा काळोख आहे.

जर्मन चित्रकार टिशबाइननं १७८७ साली कवी गटेला रोमच्या माळावर पहुडलेला रंगवलं, तेव्हा हेच थडगं मागे दूरवर एवढंसं ठेवलं. त्या चित्रात गटेचे दोन्ही पाय डाव्याच पायासारखे दिसतात. वर्गात हे दाखवलं की पोरं खूश व्हायची. शंभरेक वर्षांनी, १८८६ मध्ये, ओस्वाल्ड आखेनबाख या दुसऱ्या जर्मन चित्रकारानं याच अप्पिया रस्त्याचं चित्र केलं. पिरानेसीला वजन हवं होतं, टिशबाइनला कवीच्या मागे प्राचीन रोम हवं होतं. आणि इंग्रज कवी बायरननं १८१८ च्या कवितेत उभं राहून विचारलं, की एवढ्या कडेकोट बंदोबस्तात ठेवलेली ही बाई होती तरी कोण?

मीही तेच विचारत बसले. वर संगमरवरी पाटीवर तीन ओळी आहेत. पहिल्यात चेचिलिया. दुसऱ्यात क्विंटस क्रेटिकसची मुलगी. तिसऱ्यात मेतेल्ला, आणि लगेच क्रॅससची. तिच्याच नावाच्या दोन शब्दांच्या मधे बाप आणि शेवटी नवरा. तिच्याबद्दल बाकी एक अक्षर नाही. वरच्या पट्टीवर बैलांची डोकी आणि त्यांच्यामधून लोंबणाऱ्या फुलाफळांच्या माळा. त्या डोक्यांवरूनच या जागेला लोक कापो दि बोवे म्हणतात, बैलाचं डोकं. आमच्याकडे बेंदराला बैलांच्या गळ्यात माळा घालतात, म्हणून मला आधी फार गोड वाटलं. नीट पाहिल्यावर कळलं की त्या कवट्या आहेत, बळी दिलेल्या जनावरांच्या. झेरॉक्समध्ये ही पट्टी म्हणजे नुसती काळी वेलबुट्टी दिसायची. पेन्सिल धरून एकेक डोळ्याची खोबण काढली तेव्हा कळलं.

हे थडगं एकदा जाता जाता वाचलंय. सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी शिल्पकार बेर्नीनीला इथले दगड रोममधल्या त्रेवीच्या कारंज्यासाठी काढून न्यायची मुभा दिली होती. रोमच्या लोकांनी ओरड केली आणि ते राहिलं. ओरड करणाऱ्यांत तुमच्यासारखीच माणसं असणार असं मला वाटतं. २०२४ च्या जुलैमध्ये अप्पिया रस्ता जागतिक वारशाच्या यादीत गेला, तोही दिल्लीत भरलेल्या बैठकीत. पेपरात वाचून मला घरचं कार्य झाल्यासारखा आनंद झाला होता. पण यादीत जाऊन जागा जपली जाते ती थोडीच. जिथं दारावरचा माणूस आल्यागेल्याच्या हातातला कागद वाचतो, तिथं ती जपली जाते. तुमच्या कामात खुर्ची देणं नव्हतं. पुठ्ठा तर नव्हताच नव्हता. पुन्हा एक दुमड घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

आमच्या टूरवाल्यांना मी हॉटेलवर चित्र दाखवलं. "छान आहे," म्हणाले आणि उद्याच्या नाश्त्याची वेळ सांगितली. मी रागावले नाही. तुम्ही भेटला होतात ना, रागाला जागाच उरली नव्हती.

निघताना मी खुर्ची उचलायला गेले तर तुम्ही धावत आलात. एका हातात खुर्ची घेतलीत, वाकून पुठ्ठा उचललात, त्याची माती झटकलीत आणि तो खिशात घातलात. मी हात जोडले. तुम्हीही जोडलेत, जरा चुकीचे, हनुवटीच्या वर. तेवढ्यात टॅक्सी आली आणि नाव विचारायचं राहिलं.

या पत्रासोबत चित्राची झेरॉक्स पाठवतेय. मूळ माझ्याकडेच ठेवते, माफ करा, ते देववत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात एक रेघ हललेली दिसेल. खोडरबर होता जवळ, पण ती मी पुसली नाही. ती पुठ्ठा लावायच्या आधीची आहे.

तुमची,
कोल्हापूरच्या ड्रॉइंगच्या बाई