विषय: नळ उघडा आहे. तिसऱ्यांदा लिहून देते.

प्रति,
विभागीय सेवा व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

दि. १३ जुलै

महोदय,

काल दुपारी माझ्या डिशवॉशरच्या तक्रारीवरून तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी ४७ मिनिटं बोलणं झालं. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत एसएमएस आला की तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली' निघाली. समाधान कोणाचं झालं ते त्यात लिहिलेलं नाही. माझं झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

मॉडेल, बिल, पत्ता सगळं तक्रारीच्या नोंदीत आहे. डिशवॉशर कसा चालतो हे तुम्हाला सांगायची वेळ येऊ नये, पण तुमच्या दोन टेक्निशियनांना आणि चार फोनवाल्यांना ते सांगावं लागलं, तेव्हा इथेही सांगते.

२८ मेपर्यंत मशीनबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. २८ मेला तुमचा माणूस मोफत सर्व्हिसला आला आणि त्या दिवसापासून एकही प्रोग्रॅम पुरा झाला नाही. चालू केलं की पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह घुं करतो, पाणी येतं, साधारण चार मिनिटं येतच राहतं, मग तीन बीप आणि स्क्रीनवर 'ई १'. अर्थ: ठरल्या वेळात पाणी भरलं नाही. ॲपवर तपासणी लावली की तुमची ती प्रसिद्ध तीन वाक्यं येतात: नळ उघडा आहे का पाहा, इनलेटची जाळी साफ करा, पाण्याचा दाब तपासा.

तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी केल्या. नळ उघडा होता. पाऊण इंची नट सोडवून जाळी पकडीने ओढून काढली, जुन्या टूथब्रशने धुतली. दोन-चार कण वाळू निघाली, त्याने काही अडत नाही. दाबाचं म्हणाल तर टाकीचा तळ मशीनच्या व्हॉल्व्हपासून साडेसहा मीटर वर आहे. दहा मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे इथे ०.६५ बार, आणि तुमच्या पुस्तिकेत किमान ०.४ लिहिलंय. हिशोबावर विश्वास नसेल तर बादली घ्या: त्याच नळाला दहा लिटरची बादली ४८ सेकंदांत भरते.

तरीही ११ जूनला टेक्निशियन नंबर एक फोंडाघाट उतरून आला, मोबाइलवर 'इनलेट' हा शब्द वाचला आणि इनलेट व्हॉल्व्ह बदलला. मशीन वॉरंटीत असून १,८५० रुपये घेतले, कारण कागदावर लिहिलं 'पाण्यातील गाळामुळे बिघाड'. काढलेला व्हॉल्व्ह मी ठेवून घेतलाय. त्यात गाळ नाही. त्याच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावला तर कॉइलचा रोध व्यवस्थित दाखवतो, म्हणजे कॉइल जळलेली नाही. पाणी तर तो सोडतच होता, नाहीतर चार मिनिटं आवाज कसला येत होता? टेक्निशियनची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत नवा व्हॉल्व्ह घुं करत होता आणि पाचव्या मिनिटाला ई १.

२४ जूनला नंबर दोन. त्याने मशीनला हातही न लावता निदान केलं: "कोकणात पाण्याला प्रेशर नसतंच." साडेसहा हजारांचा बूस्टर पंप घ्या म्हणाला. शिवाय जाता जाता मिठाची, म्हणजे मशीनमधल्या पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरची, सेटिंग शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली, कारण "समुद्राजवळ क्षार जास्त". साहेब, आमची विहीर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहे. इथलं पाणी मऊ. तुमच्याच खोक्यात आलेल्या पट्टीने तपासलं होतं, पट्टीचा रंग तसूभर बदलला नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून सेटिंग सगळ्यात खाली होती. समुद्र दिसतो म्हणजे नळाला समुद्र येतो असं नाही. मऊ पाण्यावर सॉफ्टनर पुरा लावला की मीठ फुकट जातं आणि काचेचे ग्लास कायमचे धुरकट होतात. तो धूसरपणा क्षाराचा असेल तर व्हिनेगरने जातो, काचच खाल्ली गेली असेल तर कशानेच जात नाही. माझी सेटिंग मी परत खाली आणली.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या ॲपमध्ये त्या तीन वाक्यांच्या खाली, बारीक अक्षरात 'तपशील' असं एक बटण आहे. ते तुमच्या कंपनीत कोणी दाबलंय असं दिसत नाही. त्यात ३ जूनच्या बिघाडाची नोंद अशी: फ्लो मीटरने मोजलेलं पाणी १३.४ लिटर. टबातली पातळी: गाठली नाही. तळातला फ्लोट: कोरडा. ड्रेन पंप: बंद.

एकदा शांतपणे वाचा. हे मशीन एका भरणीला साडेतीन-चार लिटर घेतं, अख्ख्या प्रोग्रॅमला बारा-एक. इथे एका भरणीतच १३.४ लिटर आत आले. फ्लो मीटर म्हणजे पाण्याने फिरणारं लहानसं चाक, त्याचे फेरे मोजून लिटर ठरतात. नळ बंद असताना ते वाऱ्याने फिरत नाही. तेव्हा 'नळ उघडा' हा सल्ला ज्या अहवालाच्या माथ्यावर छापलाय, त्याच अहवालाच्या पोटात तो खोटा ठरलाय.

आत आलेल्या पाण्याला ठिकाणं तीनच. टबात राहील, तळाच्या ट्रेमध्ये गळेल किंवा ड्रेनमधून बाहेर जाईल. टबात नाही, हे पातळीचा सेन्सर सांगतो. ट्रेमध्ये नाही, हे तिथला फ्लोट, म्हणजे पाणी साचलं की तरंगून वर येणारा तुकडा, सांगतो. उरलं काय? पंप तर बंद आहे. म्हणजे पाणी पंपाशिवाय, आपल्या वजनाने, ड्रेन पाईपमधून वाहून जातंय. चौथीतल्या पोराला वजाबाकी येत असेल तर त्याला हे कळेल. मशीनला कळलं होतं. ॲपला वाचता आलं नाही, आणि तुमची माणसं ॲपच्या पलीकडे बघायला तयार नाहीत.

६ जुलैला खात्री केली. मशीन चालू केलं, बाहेर ड्रेनच्या तोंडाशी बादली ठेवली. व्हॉल्व्ह सुरू झाल्यावर चाळीसेक सेकंदांत पाईपमधून स्वच्छ, गार पाणी यायला लागलं. मशीनच्या कुशीला हात लावला तर पंपाची थरथर अजिबात नाही. ई १ येईपर्यंत बादली भरून वाहिली.

कारण २८ मेचं. त्याआधी ड्रेन पाईप मशीनच्या पाठीवरच्या क्लिपमध्ये वर अडकवलेला होता आणि त्याचं तोंड मोरीतल्या ४० मिमीच्या उभ्या पाईपमध्ये, जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, सैल सोडलेलं होतं, म्हणजे बाजूने हवा जात होती. तुमच्याच पुस्तिकेत, आकृतीसकट: तोंड किमान ४० सेंटिमीटर वर, कमाल १०० सेंटिमीटर. तुमच्या माणसाने मशीन पुढे ओढलं, क्लिप मोडली, दोन मीटरचा तुकडा जोडला आणि चिरेबंदी भिंतीच्या तळाशी असलेल्या जुन्या भोकातून पाईप बाहेर माडाच्या आळ्यात सोडला. "पाणी फुकट जाणार नाही, मॅडम." माडाला मीठ मानवतं हे खरं आहे, आणि कल्पना मलाही तेव्हा बरी वाटली, ते कबूल करते. पण आळं घराच्या जोत्यापेक्षा दोन फूट खाली आहे. पाईपला आता कुठेही चढ नाही. टबाच्या तळापासून आळ्यापर्यंत सरळ उतार. भराल तितकं पाणी खाली.

आणि कोणी 'आत नॉन-रिटर्न झडप असते' म्हणून सांगायच्या आधी: ती झडप बाहेरचं घाण पाणी आत येऊ देत नाही. आतलं बाहेर जाताना ती उघडते, तिला त्यासाठीच बसवलीय.

दुरुस्ती काय केली? बाहेरचं तोंड उचलून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलं, घरातल्या जमिनीच्या पातळीपासून साठ सेंटिमीटर वर. त्याच रात्री प्रोग्रॅम पहिल्यांदा शेवटपर्यंत गेला. त्यानंतर सहा दिवसांत एकदाही ई १ नाही. तुमचा उपाय व्हॉल्व्ह १,८५० आणि पंप ६,५००. माझा उपाय वीतभर सुतळी.

एवढं सगळं हातात घेऊन मी काल फोन केला. मागणी साधी होती: पाईप पूर्वीसारखा बसवा, व्हॉल्व्हचे पैसे परत द्या. समोरच्या मुलाने पहिलं वाक्य टाकलं: नवीन तक्रारीला नवीन तपासणी अहवाल लागतो. पावसामुळे नेट बंद होतं, म्हणाला आवाजाने करू. म्हणजे मोबाइल मशीनच्या पॅनेलला टेकवायचा, मशीन टुरुरुर करून साठवलेली नोंद ऐकवतं आणि पलीकडे ती वाचली जाते. जुलैमध्ये, देवगड तालुक्यात, पत्र्याच्या पडवीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात.

"मॅडम, मागून फार आवाज येतोय. तो बंद करता येईल का?"

"पाऊस आहे."

"हो मॅडम, पण अहवाल येईपर्यंत थोडा वेळ बंद ठेवा."

तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा पावसाने उघडीप दिली म्हणून नोंद पोचली. ती वाचून तो म्हणाला, "अहवालाप्रमाणे तुमचा नळ बंद आहे." मी म्हटलं, उघडा आहे. "मॅडम, उघडा असता तर अहवालात तसं आलं नसतं." मग मी इनलेटची नळी सोडवली, बादलीत धरली आणि फोन बादलीजवळ नेला. ऐका, म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, परत मागून आवाज येतोय."

त्याला तपशिलातले आकडे वाचून दाखवले. १३.४ लिटर. पंप बंद. फ्लोट कोरडा. जरा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मॅडम, हे टेक्निकल आहे. घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांना फोन देता का?"

दिला. का नाही द्यायचा? यजमानांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं, "खंयची नळी गो?" विचारलं आणि फोन परत माझ्या हातात ठेवला. तुमच्या पद्धतीप्रमाणे तक्रार योग्य व्यक्तीकडे पोचली म्हणायची.

शेवटी सुतळीचा उल्लेख मी केला, ती माझी चूक. लगेच उत्तर आलं: "पाईपमध्ये ग्राहकाने बदल केला असेल तर वॉरंटी लागू राहत नाही." क्लिप मोडून, तुकडा जोडून, पाईप भिंतीतून आळ्यात सोडणं ही तुमची मोफत सर्व्हिस, आणि सुतळी बांधणं हा माझा बदल. यावर मी जे बोलले ते तुमच्याकडे रेकॉर्ड झालंच असेल. एक-दोन शब्द मागे घेते. बाकीचे ठेवा.

आता काय हवंय ते. २८ मेला जोडलेला तुकडा काढा, क्लिप नवी लावा, पाईप मोरीच्या उभ्या पाईपमध्ये परत सैल सोडा. व्हॉल्व्हचे १,८५० परत करा. 'गाळामुळे' हा शेरा नोंदीतून काढा. वॉरंटी रद्द नाही असं लेखी द्या. आणि तुमच्या ॲप बनवणाऱ्यांना सांगा: फ्लो मीटर नेहमीच्या भरणीच्या दुप्पट पाणी दाखवत असेल, पातळी गाठलेली नसेल, फ्लोट कोरडा असेल आणि पंप बंद असेल, तर 'नळ उघडा' नव्हे, 'ड्रेन पाईपची उंची पाहा' हे वाक्य आलं पाहिजे. चारही आकडे तुमच्याकडे आधीच आहेत, नवा सेन्सर लागत नाही.

पंधरा दिवस देते. त्यानंतर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, मग ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. म्हणजे घाट उतरायची पाळी या खेपेला तुमच्या वकिलाची. मला हे करायचं नाहीये. मशीन चांगलं आहे, हे मला तुमच्या माणसांपेक्षा जास्त पटलंय, आणि राग त्याचाच येतो.

येणाऱ्या टेक्निशियनला बूस्टर पंप आणायला सांगू नका. क्लिप आणि एक मूळ लांबीचा ड्रेन पाईप पुरे. जुना व्हॉल्व्ह, दोन्ही भेटींचे कागद आणि बादलीचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. व्हिडिओ या ईमेलला जोडलाय, त्यात मागे पावसाचा आवाज आहे. आणि नळ उघडा आहे.

तुमची ग्राहक,
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग