भाकीत फसले, मग तलवार निघाली

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील धर्म आणि हिंसेवरच्या लेखात पंधराव्या शतकातील बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रदेश) ताबोरपंथीयांना ‘जगबुडीच्या वेडाने शस्त्र उचललेले लोक’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. घटनाक्रम लावून पाहिला तर हे टिकत नाही.

बोहेमियातील धर्मसुधारक यान हुसला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळले. ख्रिस्ती उपासनेतील प्रसादाचा द्राक्षारस फक्त पाद्र्यांनाच नव्हे, सर्व भाविकांना मिळावा, ही त्याच्या अनुयायांची मुख्य मागणी. १४१९ मध्ये राजाने हुसपंथी पाद्र्यांना चर्चमधून हुसकावायला सुरुवात केली, तेव्हा दक्षिण बोहेमियातील शेतकरी टेकड्यांवर जमू लागले. त्यातल्या एका टेकडीला त्यांनी बायबलमधले ताबोर हे नाव दिले; त्यावरून हे ताबोरपंथीय. २२ जुलैचा तिथला प्रचंड मेळा प्रवचने आणि सहभोजन करून शांतपणे पांगला. आठच दिवसांनी प्रागमध्ये नगरसभेच्या सदस्यांना खिडकीतून खाली फेकून मारले गेले हे खरे. पण ती शहराच्या सत्तेची झुंज होती. दुसऱ्या बाजूने कुटना होराचे खाणमालक आणि कामगार पकडलेल्या हुसपंथीयांना चांदीच्या खाणींत ढकलत होते. लेखात याचा उल्लेखही नाही.

या छळाच्या हिवाळ्यात भाकीत आले: १० ते १४ फेब्रुवारी १४२० च्या दरम्यान देवाचा कोप होईल आणि प्लझेन, झाटेत्स, लोउनी, स्लानी व क्लातोवी ही पाचच शहरे वाचतील. पाचाचा आकडा बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातला. या टप्प्यावर आदेश होता तो पळण्याचा, मारण्याचा नव्हे. लोकांनी घरेदारे मिळेल त्या भावाने विकली, बायकामुलांसह निघाले आणि पैसा पाद्र्यांच्या पायाशी ठेवला.

फेब्रुवारी सरला, काहीच झाले नाही. घर विकून आलेला माणूस परत कुठे जाणार? इथे शिकवण पालटली. ख्रिस्त चोरपावलांनी येऊन गेला आहे, क्षमेचा काळ संपून सूडाचा काळ सुरू झाला आहे, आणि अधर्म्यांचा संहार हे भाविकाचे कर्तव्य आहे, असे काही पाद्री सांगू लागले. त्यातच १ मार्चला पोपने हुसपंथीयांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले, म्हणजे ‘शेवटची लढाई’ डोळ्यांसमोर येऊन ठाकली. हुसपंथातच पेत्र खेलचित्स्कीसारखा माणूस शस्त्राला ठाम विरोध करत राहिला, हेही विसरू नये.

रणांगणावर मात्र भाकितापेक्षा डोके चालले. मार्चमध्ये तिथे जमलेल्या हुसपंथीयांना प्लझेन सोडावे लागले. २५ मार्चला सुदोमेर्झजवळ त्यांचा सेनानी यान झिझ्का याच्याकडे सुमारे चारशे माणसे आणि बारा गाड्या होत्या. मासळीच्या तळ्यांच्या बांधाचा आडोसा आणि बाकीच्या बाजूला गाड्यांची भिंत, अशी जागा त्याने निवडली. शत्रूच्या घोडेस्वारांना पायउतार होऊन लढावे लागले आणि संख्येने कितीतरी मोठे असूनही ते ती भिंत फोडू शकले नाहीत.

त्याच वसंतात ताबोर नगर वसले. आलेल्याने आपला पैसा सामायिक पिंपांत टाकायचा आणि पाद्र्यांनी गरजेप्रमाणे वाटायचा, अशी तिथली रीत होती. तिचे दुखणे उघड होते: पिंपात एकदाच येणारी पुंजी पडत होती, रोजचे उत्पन्न नव्हते. जमीनदारांचा खंड कायमचा संपला असे सांगणाऱ्या ताबोरने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आसपासच्या शेतकऱ्यांकडून स्वतःच खंड गोळा केला. माझ्या मते या चळवळीचा खरा पराभव तिथे झाला. १४ वर्षांनंतर लिपानी येथे ताबोरच्या फौजेचा झालेला रणसंहार हा त्याचा शेवटचा हप्ता.

पुढे कडव्यांतल्या कडव्यांना संपवले तेही शत्रूने नाही. प्रसादात ख्रिस्त प्रत्यक्ष असतो हे नाकारणाऱ्या काहीशे जणांना १४२१ च्या सुरुवातीस ताबोरनेच बाहेर काढले. त्यांतल्या अनेकांना झिझ्काने जाळले. त्यांचा प्रवक्ता मार्टिन हुस्का याला त्याच ऑगस्टमध्ये रोउडनित्से येथे जाळण्यात आले, हुसपंथीयांच्याच संमतीने. त्यांच्या नग्न नाचांचे जे रंगतदार वर्णन लेखात आले आहे, ते त्यांचा तिटकारा असणाऱ्यांनी लिहून ठेवलेले आहे. प्रागचा इतिहासकार लॉरेन्स हा त्यांतला प्रमुख. ते छापताना एवढे तरी सांगायला हवे होते.

– इतिहासाचा एक अभ्यासक, सातारा