हिवाळी स्पर्धांना हवामानाचा लेखी नियम हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की कोल्हापुरात मॅरेथॉन, सायकल फेऱ्या आणि लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या सायकल फेऱ्या) यांचा हंगाम सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत रविवारी पहाटे रंकाळा, विद्यापीठाचा परिसर किंवा पन्हाळ्याचा रस्ता छातीवर क्रमांकाचे बीब लावलेल्या माणसांनी गजबजलेला दिसतो. तालमींच्या या गावाला व्यायामाचे वेड नवे नाही, त्यामुळे माझी तक्रार स्पर्धांबद्दल मुळीच नाही. तक्रार एवढीच आहे की नोंदणीच्या पानावर टी-शर्टच्या मापापासून मेडलच्या छायाचित्रापर्यंत सारे काही असते. पण ऐनवेळी हवा बिघडली तर निर्णय कोण घेणार, किती वाजेपर्यंत कळवणार आणि भरलेल्या पैशांचे काय होणार, याबद्दल बहुधा अवाक्षर नसते.

आपल्याकडचा हिवाळा आता भरवशाचा राहिलेला नाही. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस कोसळला होता. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकले, तेव्हा इकडे दक्षिण महाराष्ट्रातही आभाळ भरून आले आणि थंडी पळाली. म्हणजे वादळ बंगालच्या उपसागरात असले तरी त्याची झळ आपल्या रविवारच्या शर्यतीला लागू शकते, आणि स्पर्धेची तारीख तर चार-सहा महिने आधीच ठरलेली असते.

पाऊस नसला तरी धुके असतेच, आणि कोल्हापुरात ते साखर कारखान्यांच्या गळीत हंगामातच येते. पंचगंगेच्या काठाने शिये-बावडा रस्त्यावर किंवा शिवाजी पुलापलीकडे केर्लीच्या बाजूला जानेवारीच्या पहाटे पुढचा सायकलस्वारही धड दिसत नाही. त्याच वेळी उसाच्या डबल ट्रॉल्या कारखान्याकडे निघालेल्या असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि दोन्ही अंगांनी बाहेर आलेले वाढे (उसाचे हिरवे शेंडे) अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. ब्रेव्हेच्या नियमाप्रमाणे रात्री सायकलस्वाराला दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे असते. त्याच्यापुढे चालणाऱ्या कित्येक टन उसाला मात्र तसली कसलीही सक्ती लागू झाल्याचे दिसत नाही! हवामान खात्याच्या वर्गवारीत दृश्यमानता दोनशे मीटरच्या खाली गेली की धुके दाट समजले जाते. तेवढे धुके असेल तर शहराबाहेरची सायकल स्पर्धा सुरूच करायची नाही, इतका साधा नियम करायला काय हरकत आहे?

अवकाळीची एक सर येऊन गेली की वेगळाच धोका उभा राहतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. कोरडी असताना ती नुसती धूळ असते, पण भिजली की तिच्यावर सायकलचे अरुंद टायर क्षणात घसरते. वाघबिळाहून पन्हाळ्याला चढताना अंग घामाने निथळते. उतरताना ओल्या कपड्यांवर वारा बसून बोटे बधिर होतात, आणि रिमवर दाबणारे ब्रेक ओल्या चाकाला उशिरा धरतात. अशा दिवशी शर्यत गडाच्या माथ्यावरच संपवावी आणि उताराची वेळ मोजूच नये, असे मला वाटते.

धावण्याचे गणित थोडे निराळे आहे. डिसेंबरच्या पहाटे गारवा असला तरी कोल्हापुरात दुपारचा पारा तिशीच्या आसपास जातो, त्यामुळे फुल मॅरेथॉन उशिरा सुरू केली तर मागून येणाऱ्यांना उन्हाचा त्रास होतो. शहरातील रस्ते वाहतुकीला बंद करून पहाटे धावायला हरकत नाही. सायकलींनी मात्र उजाडेपर्यंत थांबावे. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा यांत सापडून एकवीस धावपटू मृत्युमुखी पडले, आणि नंतरच्या चौकशीत आयोजनातील त्रुटींवरही ठपका ठेवण्यात आला. आपल्याकडे तसली थंडी पडत नाही, हे खरे. पण ‘सगळी तयारी झाली आहे, आता कसे थांबवायचे’ ही अडचण इथल्या आयोजकांनाही पडतेच. मैदानावर ध्वनिवर्धक सुरू आहे, पाहुणे आले आहेत, हजारो लोक रांगेत उभे आहेत, अशा वेळी केवळ विवेकावर विसंबणे हा आयोजकांवरही अन्याय आहे. त्यांच्या हातात आधी छापलेला नियम असला तर नाही म्हणणे सोपे जाईल.

हवामान खाते जिल्हावार रंगीत इशारे देते, पुढच्या तीन तासांचा अंदाजही प्रसिद्ध करते. आदल्या संध्याकाळी आणि शर्यतीच्या तासभर आधी ते पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी आणि तिचा शब्द अंतिम मानावा. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, एवढे ओळखून शर्यत थांबवण्याचा अधिकारही त्याच व्यक्तीला असावा. स्पर्धा रद्द झाल्यास शुल्काचा काही भाग परत द्यावा किंवा पुढच्या वर्षीची नोंदणी ग्राह्य धरावी. पैसे बुडतात म्हणूनच अनेकजण नको त्या हवेत सायकल बाहेर काढतात. पोलीस व महापालिका या स्पर्धांना परवानगी देतातच, तेव्हा हवामानाचा लेखी नियम जोडलेला नसेल तर अर्ज परत करावा आणि गळीत हंगामात स्पर्धेच्या मार्गावरील उसाची वाहने त्या सकाळपुरती अन्य रस्त्याने वळवावीत, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर