फॉरमॅट मारू नकोस

प्रिय अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

विंडोज सुरूच होत नाही, एक सिस्टिम फाईल सापडत नाही म्हणतं, म्हणून काल "आता फॉरमॅटच मारतो, सगळं पुसून नव्याने टाकतो" असं म्हणत तू फोन ठेवलास, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्याच लॅपटॉपवरची दुसरी सिस्टिम, उबंटू, नीट सुरू होतंय ना? मग डिस्क शाबूत आहे, आणि सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा ग्रबचा मेनूही. अडलंय फक्त विंडोज, आणि तेही अँटिव्हायरसने स्कॅन केल्यानंतर. म्हणजे ती सिस्टिम फाईल हरवलेली नसावी. बहुधा अँटिव्हायरसनेच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाईली अडकवून ठेवायच्या त्याच्या कोठडीत, कोंडली आहे.

असं याआधीही झालंय. २१ एप्रिल २०१० ला मॅकअफी अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाईल व्हायरस ठरवली, आणि कितीतरी ऑफिसांतले कॉम्प्युटर नुसते रिस्टार्ट होत बसले. त्याआधी नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजी या अँटिव्हायरसने विंडोजच्याच यूझर३२ फाईलवर असाच आळ घेतला होता. राखणदाराने घरच्याच माणसाला चोर समजून धरावं, तसं.

आधी उबंटूतून विंडोजचा भाग उघड आणि प्रोजेक्टचं सगळं पेनड्राइव्हवर घे. तो भाग 'फक्त वाचण्यासाठी' उघडला तर जबरदस्ती करू नकोस. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी उबंटूतून तिथे काही लिहिलंस तर आहे तेही बिघडेल. वाचून कॉपी करायला मात्र काहीच हरकत नाही.

मित्राच्या लॅपटॉपवरून तीच फाईल आणून चिकटवायचा मोह होईल. नको. नाव एक असलं तरी आवृत्ती वेगळी निघू शकते. उबंटूतून क्वारंटाइनचा फोल्डर उपसूनही उपयोग नाही, कारण कोंडलेली फाईल चालू नये म्हणून अँटिव्हायरस सहसा तिचं रूपच बदलून ठेवतो. परत द्यायची तर त्यानेच.

म्हणून सेफ मोड करून बघ, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींनिशी सुरू होतं; अपडेटसाठी इंटरनेट लागेल, तेव्हा नेटवर्किंगवाला सेफ मोड निवड. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा अडलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो, तिथून जाता येतं. आत गेलास की अँटिव्हायरस आधी अपडेट कर, मग क्वारंटाइनच्या यादीत फाईलचं नाव, मूळ जागा आणि तारीख बघ. अपडेटनंतर तो तिला निर्दोष म्हणत असेल तर रिस्टोअर दे. अजूनही व्हायरसच म्हणत असेल तर सोडवू नकोस, ती खरंच बाधलेली असू शकते.

तसं असेल, किंवा सेफ मोडच उघडत नसेल, तर एसएफसी, म्हणजे विंडोजची सिस्टिम फाईली तपासून दुरुस्त करणारी कमांड. विंडोज आपल्या सिस्टिम फाईलींच्या चांगल्या प्रती स्वतःजवळ ठेवतं, त्यातून ते बदली फाईल बसवतं. निळ्या पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टमधून चालवताना स्कॅननाऊच्या पुढे ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर देऊन तुझं विंडोज कुठे आहे ते सांगावं लागतं. आणि तिथे सी ड्राइव्ह सीच असेल असं धरू नकोस, अक्षरं बदलतात. डिआयआर ही यादी दाखवणारी कमांड देऊन विंडोजचा फोल्डर कुठे दिसतो ते बघ. एसएफसी ग्रबला हात लावत नाही. बूटरेक या सुरुवातीचा भाग दुरुस्त करणाऱ्या कमांडच्या वाटेला मात्र जाऊ नकोस, जुन्या पद्धतीच्या डिस्कवर त्याच्या फिक्सएमबीआरने ग्रब पुसला जातो, मग उबंटूही दिसणार नाही आणि तुझे बाबा म्हणतील, "दोन-दोन सिस्टिम हव्यात कशाला?"

फाईलचं नेमकं नाव तू सांगितलंच नाहीस. स्क्रीनचा फोटो पाठव, संध्याकाळी सातनंतर फोन कर, मी कमांड एकेक अक्षर सांगते.

तुझी,
आई