तोळा किती ग्रॅमचा आणि पुष्कराज कोणता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या लग्नसराई पुरवणीत पहिल्याच पानावर नवरीच्या गळ्यात चांगली घसघशीत ठुशी आहे आणि खाली छापलंय, 'ट्रेंडी गोल्ड चोकर'. माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनारपेठेत, शेगडीपुढं फुंकणी घेऊन गेलं. ते असते तर चष्मा पुसून दोनदा वाचलं असतं. मी एकदाच वाचलं आणि पत्र लिहायला बसले.

चोकर हा शब्द नवा म्हणून माझी तक्रार नाही. शब्द येतात, राहतात. बेन्टेक्स नाही का राहिला? पण दागिन्यांच्या बाबतीत शब्द चुकला की पैसे चुकतात, कधी कधी नातीसुद्धा.

आमच्याच घरातलं सांगते. सासूबाईंच्या लग्नातला, १९५१ सालचा कोल्हापुरी साज. मत्स्य, कासव, शंख, बेलपान, कारलं, वाघनख, माणिक, पाचू अशी एकवीसच्या एकवीस पानं, मधे जवमणी. त्याच्या डबीत घडी घातलेली चिठ्ठी होती : 'साज १, वजन तोळे ३ मासे ४'. वाटणीच्या वेळी काट्यावर ठेवला तर ३८ ग्रॅम ७०० मिलिग्रॅम भरला. पुतण्यानं मोबाइलवर हिशेब केला. तोळा म्हणजे दहा ग्रॅम, मासा म्हणजे एक ग्रॅम, मग चौतीसच व्हायला पाहिजेत, वरचे पावणेपाच ग्रॅम आले कुठनं? झालं! मूळ साज कुणीतरी मोडला आणि दुसरा करून ठेवला, अशी कुजबुज सुरू. दोन जावा आठ दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या.

जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. तीन तोळे चार मासे म्हणजे ३८.८८ ग्रॅम. सत्तर वर्षांच्या वापरात थोडी झीज धरली तर काटा बरोबरच बोलत होता. १९५६ च्या कायद्यानं दशमान वजनं आली, तोळा व्यवहारातून जायला हवा होता. तो गेला नाही, दहा ग्रॅमचा होऊन बसला. आजही आपल्या दैनिकात भावाच्या चौकटीवर 'प्रति तोळा' असं छापून येतं आणि आकडा दहा ग्रॅमचा असतो.

भांडण मात्र या हिशेबानंही पुरतं मिटलं नव्हतं. एका जावेला साज मोडायचा होता आणि दुकानदार अठ्ठावीस ग्रॅमच्या वर सोनं धरायला तयार होईना. चिठ्ठी उलटी केली तर मागं बारीक अक्षरात एकच शब्द : 'लाखेसकट'. साजाची पानं आणि मणी आतून पोकळ, लाख भरून भक्कम केलेले असतात. आटणीत लाख जळून जाते. पटवेकऱ्यानं गाठवलेला दोरा आणि गोंडाही वजनात आलेलाच. तो एक शब्द लिहिणारा सोनार कोण होता ठाऊक नाही, पण आमचं घर त्यानं वाचवलं.

म्हणून जाहिरातीत नुसतं 'साज, ४० ग्रॅम' असं वाचलं की मला धास्ती वाटते. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर धातूचं निव्वळ वजन लिहायला लागतं, ते वाचकाला एकदा तरी सांगा. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्ती आली, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो, हे आपण छापलंत. मात्र त्याच पानावर '२२ कॅरेटचा हिरा' असंही छापलंत! सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो. चोवीसात बावीस भाग, म्हणून शिक्क्यात ९१६. हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे, २०० मिलिग्रॅम. बावीस कॅरेटचा हिरा म्हणजे जवळजवळ साडेचार ग्रॅमचा खडा. तसला कुणाच्या बोटात असेल तर एकदा बघायला आवडेल.

खड्यांच्या पानावर तर पार गोंधळ आहे. 'पुष्कराज म्हणजे टोपाझ' असं शब्दकोशात सापडतं आणि आपल्या बातमीदारानं ते जसंच्या तसं उचललंय. बाजारात पुष्कराज म्हणतात तो पिवळा नीलम. म्हणजे माणिक आणि नीलम ज्या कुरुंदाचे, त्याचाच पिवळा भाऊ, कठिणता ९. टोपाझ हे वेगळंच खनिज, कठिणता ८. तिसरा सुनेला. तो स्फटिकाच्या जातीचा, कठिणता ७ आणि किंमत तर विचारूच नका. माझ्या दिरांनी गुरू ग्रहासाठी अंगठी केली, बिलावर 'पुष्कराज सु.' असं होतं. 'सु.' म्हणजे सुंदर असेल असं ते वर्षभर समजत होते. आपण गोमेदालाही झिरकॉन केलंय. बाजारातला गोमेद गार्नेटच्या जातीचा, झिरकॉन हे निराळं नैसर्गिक खनिज, आणि अमेरिकन डायमंड म्हणतात तो झिर्कोनिया, कारखान्यात तयार होणारा. आणि पाचू, पोवळं हे शब्द असताना पन्ना, मूंगा कशाला?

मोत्यांबद्दल आपण 'कल्चर म्हणजे खोटे' असं लिहिलंय, तेही खरं नाही. कल्चर मोती शिंपल्यातच वाढतो, फक्त सुरुवात माणूस करून देतो. खोटा तो काचेचा किंवा प्लॅस्टिकचा मणी, वरून चकाकीचा लेप दिलेला. दातावर हळूच घासला तर मोती खरखरीत लागतो, मणी गुळगुळीत. पण नथीतला मोती बसऱ्याचा, म्हणजे नैसर्गिक, की कल्चरचा, हे दाताला कळत नाही. त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो. असल्या नथी 'आजीच्या काळातल्या' म्हणून विकल्या जातात, तेव्हा हा फरक छापायला हवा होता.

चांदीविषयी एवढंच. हुपरी आपल्या जिल्ह्यात आहे. तिथल्या कारागिराला पैंजणाचा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, विचारा, तो लगेच सांगेल. आणि आपल्या पुरवणीत 'जर्मन सिल्व्हरची चांदीची ताटं'! जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी गुंजभरही नसते. 'एक ग्रॅम सोन्याचे दागिने' हेही तसलंच. साधा, सरळ शब्द आहे : मुलामा.

भावाच्या चौकटीवर 'प्रति १० ग्रॅम' असं छापावं आणि पुढची पुरवणी छपाईला जाण्याआधी गुजरीतल्या एखाद्या जुन्या कारागिराकडून वाचून घ्यावी, एवढी विनंती. तो चहावर वाचून देईल.

आणि हो, पहिल्या पानावरच्या त्या नवरीची नथ उजव्या नाकपुडीत दिसते. फोटो उलटा छापलाय.

आपली,
एक जुनी वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर