गावभागातले सलूनवाले मामा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या सांगलीच्या गावभागातले सलूनवाले मामा गेले. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही, आणि तसंही आजोबापासून नातवापर्यंत सगळ्यांचे ते मामाच होते. पुढाऱ्यांच्या निधनाच्या बातम्या पेपरात येतात, याव्यातच, पण ज्या माणसानं चाळीसेक वर्षं आमच्या भागातली डोकी बाहेरून आणि आतून दोन्हीकडून सांभाळली त्याच्यासाठी चार ओळी छापून याव्यात असं फार वाटलं म्हणून लिहितोय.

दुकान म्हणजे दोन खुर्च्या, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं, भिंतीवर सेना महाराज आणि जिवा महाला यांच्या तसबिरी आणि कोपऱ्यात रेडिओ, बस. एसी नाही काही नाही, तरी रविवारी बाकड्यावर जागा मिळायची नाही. निम्मे लोक केस कापायला आलेलेच नसायचे, मामांचं बोलणं ऐकायला बसलेले असायचे. डोक्यावर चारच केस उरलेले एक काका दर महिन्याला यायचे, मामा एकदम गंभीर तोंड करून विचारायचे, "भांग कुठनं पाडू?" काका म्हणायचे कुठनंबी पाड, की मामा वाकून त्यांच्या टकलाकडं बघत म्हणणार, "थांबा, चौघांना विचारून सांगतो." सगळ्यात जास्त काकाच हसायचे. निवडणुकीच्या दिवसांत दोन पार्ट्यांचे कार्यकर्ते एकाच बाकड्यावर बसून आवाज चढवायला लागले की मामा नुसतं म्हणायचे, "बोला की लगा, पण वस्तरा माझ्या हातात हाय एवढं ध्यानात ठेवून बोला." विषय संपला.

बारक्या पोरांना खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवायचे. माझा मुलगा पहिल्यांदा गेला तेव्हा रडून रडून लाल झाला होता, मामांनी पाण्याचा स्प्रे त्याच्याच हातात दिला आणि म्हणाले मार माझ्या तोंडावर. तो फुसफुस मारतोय, मामा ओलेचिंब होऊन "मेलो मेलो" ओरडतायत आणि दुसऱ्या हातात कात्री चालूच, पोराला कळायच्या आत कटिंग झालं सुद्धा. घरी यायलाच तयार नव्हता.

पण नुसते विनोदी होते म्हणून हे पत्र नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा मामांचं घर आणि दुकान दोन्ही पाण्यात होतं. आम्ही एकाच शाळेतल्या कॅम्पमध्ये होतो. लोकांनी निघताना कागदपत्रं, दागिने काय काय उचललेलं, मामांनी वस्तरा-कात्रीची धोकटी उचललेली. सगळे सुन्न होऊन बसले होते, कोण कुणाशी बोलत नव्हतं, आणि हा माणूस व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून हाका मारायला लागला, "घर बुडालं, दुकान बुडालं, दाढी तेवढी वर आलीय मर्दा, ती तरी काढूया." पहिल्यांदा कुणीतरी हसलं कॅम्पात. मग रांग लागली, पैसे एकाचेही घेतले नाहीत, ब्लेड संपली तर कार्यकर्त्यांनी आणून दिली. आंघोळ नाही, कपडे नाहीत, पण गुळगुळीत दाढी झाल्यावर माणसं एकमेकांकडं बघून बोलायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मदत म्हणजे फक्त पाकिटं आणि चादरी नसते हे तेव्हा कळलं. पाणी उतरल्यावर दुकानातला चिखल काढला, आरसा डागाळला होता तो त्यांनी बदललाच नाही, म्हणायचे ह्यात गिऱ्हाईक दहा वर्षांनी तरुण दिसतंय, राहू दे.

नंतर 2020 ला लॉकडाऊनमध्ये सलून बंद, कमाई शून्य. जूनअखेर केस कापायची परवानगी मिळाली पण दाढीची नाही, तेव्हा "निम्मं तोंड उघडलंय, निम्म्याचं सरकारला विचारा" म्हणत तेवढ्यावर दुकान सुरू केलं. उधारीची वही होती, ती कधी कुणापुढं उघडली नाही.

माझ्या वडिलांना पॅरालिसिस झाला, बोलणं गेलं. मामा सोमवारी, म्हणजे स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी घरी येऊन त्यांची दाढी करायचे आणि दोघांच्या वाटचं एकटेच बोलायचे. "काय म्हणता, लागलं? न्हाई? मग डोळा मारा बघू." बाबा डोळा मारायचे! आईसमोर! आई तोंडाला पदर लावून हसायची. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, पण त्या वर्षात बाबांना हसवलं ते मामांनीच.

अजून एक लिहायलाच पाहिजे. एकदा बाकड्यावरचा एक कॉलेजचा पोरगा धंद्याबद्दल काहीतरी हलकं बोलला. मामा चिडले नाहीत, त्याचे केस कापता कापता त्यांनी सांगितलं की 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून संप केला होता, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं, पोटावर पाय देऊन. मलाही हे तिथंच बसून कळलं, शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पोरगा जाताना पाया पडून गेला.

दुकान आता मुलगा चालवतोय. तो वडिलांसारखा बोलका नाही, पण त्या दिवशी मी कॅम्पातला किस्सा सांगितला तर हातातलं काम थांबवून ऐकत राहिला, त्याला हे माहीतच नव्हतं, मामांनी घरी कधी सांगितलंच नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे मामांची अशी एखादी आठवण असेल त्यांनी जाऊन त्याला जरूर सांगा, सोमवार सोडून रोज सकाळी आठला दुकान उघडं असतं.

आपला,
गावभागातला एक वाचक, सांगली