तक्रार पत्र: काळ्या मातीत उथळ पायावर बसवलेल्या मॉड्युलर घराबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे कार्यालय

विषय: घराचा पाया व दोन भागांमधला जोड कंपनीच्या खर्चाने नव्याने करून देणेबाबत

महोदय,

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात तुम्ही कारखान्यात बनवून आणून बसवलेल्या घराचे दोन भाग (मॉड्यूल) एकमेकांपासून सुटत चालले आहेत. तुमचा माणूस येऊन पाहून गेला आणि फटीत सिलिकॉन भरून देतो म्हणाला. आम्हाला ते मान्य नाही.

कारखान्यातल्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. स्टीलचा सांगाडा, भिंतींचे पॅनेल, वायरिंग, नळाचे पाइप सगळे मापात आहे. ट्रेलरवरून आलेले दोन्ही मॉड्यूल क्रेनने उतरवले, तेव्हा बाथरूमची एक टाइलही तडकली नव्हती. पण असे घर कारखान्यात पुरे होत नाही. पाया घालणे, सांगाडा पायाला जखडणे आणि मॉड्यूल एकमेकांना जोडणे ही कामे जागेवरच होतात, आणि करारात ती तुमच्याकडेच आहेत.

आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. इथला साधा गवंडीसुद्धा मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय पाया भरत नाही. मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली, आणि आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात तिचे नियमही आहेत. तुमच्या ठेकेदाराने मात्र काळ्या मातीतच उथळ खड्डे घेऊन काँक्रीटचे ठोकळे ओतले. माती तपासणीचा अहवाल मागितला, तर ‘घर हलकं आहे, एवढा पाया कशाला’ असे उत्तर मिळाले. हे साफ चुकीचे आहे. हलक्या घराचा मातीवर दाब कमी, म्हणून फुगणारी माती तेच आधी उचलते, आणि सगळीकडे सारखे उचलत नाही.

परिणाम समोर आहे. जोडात करंगळी जाईल एवढी फट पडली आहे, सीलंटची पट्टी सुटून लोंबते आहे आणि पाणी ओट्यामागे उतरते. तिथेच स्विचबोर्ड आहे. कोपऱ्यात सांगाडा पायाला जखडणाऱ्या अँकर बोल्टची नट पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरली.

हे घर आम्ही का घेतले, ते तुमच्या प्रतिनिधीला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आईच्या माहेरची माणसे त्यात गेली. आजही ती दगडी भिंतीच्या खोलीत झोपत नाही. भूकंपाचा जोर घराच्या वजनाप्रमाणे लागतो, म्हणून हलके घर बरे, हे तुम्हीच तिला समजावलेत. ते खरेही आहे, पण घर पायाला आणि मॉड्यूल एकमेकांना घट्ट बांधलेले असतील तरच. वळवाच्या वादळातही हेच बोल्ट घर धरून ठेवणार. आईला मी नटचे अजून सांगितलेले नाही.

तेव्हा माती तपासून, मॉड्यूल सुटे करून पाया नव्याने घालावा, सगळे बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळावेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे प्रमाणपत्र द्यावे. हे सर्व तुमच्या खर्चाने. ओट्यामागचा बोर्ड मात्र लगेच हलवावा, त्याला थांबता येणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. वाद पुण्यातच चालेल असे करारात छापले असले, तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. फटीचे आणि बोल्टचे फोटो, कराराची प्रत व पैसे भरल्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.

इंजिनिअर पाठवण्याआधी फोन करावा. शेतरस्ता चिखलाचा आहे, गाडी डांबरी सडकेवरच लावावी लागेल.

आपला,
एक ग्राहक
ता. औसा, जि. लातूर